घर उतरवण्याचे दिवस

यंदाच्या मे महिन्याची सुरुवात मी एक धोतर घंटागाडीत टाकून केली. धोतर माझं नव्हतं. माझ्या वडिलांचं होतं आणि ते गेल्यापासून बायकोच्या ताब्यात होतं. वर्षाचे अकरा महिने ते कपाटाच्या वरच्या फळीवर घडी होऊन पडलेलं असायचं आणि बाराव्या महिन्यात गच्चीवरच्या खाटेवर अंथरलं जायचं. त्यावर बिबडे घातले जायचे. ज्वारीचा शिजवलेला घाटा ओल्या कापडावर थापायचा, बाकीचं काम ऊन करतं. पण कापड नवं असेल तर वाळलेला बिबडा त्याला धरून बसतो. या धोतराने इतके उन्हाळे घाटा खाल्ला होता की संध्याकाळी नुसती कड उचलली की बिबडा आपण होऊन हातात यायचा.

आता यातलं मला काय माहीत? लोकांना शिकवता यावं म्हणून मला पालिकेने ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करण्याचं प्रशिक्षण दिलेलं आहे, प्रमाणपत्रासकट. त्या ज्ञानाचा उपयोग आधी घरात करावा म्हणून मी रविवारी कपाट आवरायला घेतलं. पिवळं पडलेलं, डागांचं, कडेला विरलेलं कापड दिसलं. सुका कचरा, पोटप्रकार चिंध्या. अगदी योग्य डब्यात टाकलं. अर्ध्या तासाने बायको, सुनंदा, घाट्याचं पातेलं घेऊन जिन्यात उभी.

"अहो, धोतर कुठंय?"

"कुठलं धोतर?"

"बिबड्यांचं."

मी चपला न घालता दोन गल्ल्या घंटागाडीच्या मागे पळालो. डांबर तापलेलं होतं, त्यामुळे माझं पळणं लोकांना नाचासारखं दिसलं असणार. गाडी मिळाली नाही. परत आलो तेव्हा सुनंदा जिन्याच्या पायरीवर बसून पातेल्यावरची साय चमच्याने मोडत होती.

"लोकांना हेच शिकवता का तुम्ही?" तिने विचारलं.

"साधारण असंच," मी म्हणालो.

आमच्या भागात मे महिना हा स्वतंत्र ऋतू आहे. उन्हाळा हा शब्द त्याला पुरत नाही. दुपारी बारानंतर रस्ते अशा काही शांततेने पडून असतात की गाव कोणीतरी नुकतंच सोडून गेलंय असं वाटावं. कूलरमधल्या वाळ्याचा वास, गच्चीगच्चीवरून येणारा शिजल्या ज्वारीचा वास, सावद्याकडून केळीचे घड भरून आलेल्या गाडीतून रस्त्यावर गळलेली सुकी पानं. आणि पूर्वी आणखी एक वास असायचा, तो आता नाही: खारीचा. आमच्या लहानपणी बहुतेक घरं धाब्याची होती, म्हणजे सपाट मातीच्या छपराची. पावसाआधी त्या छपरावर पांढरी, खारट माती पसरायची. पहिल्या दोन सरींत ती बसते, घट्ट होते आणि पुढचे चार महिने पाण्याला आत येऊ देत नाही. वैशाखात बैलगाड्यांतून ही खार गावात यायची, गल्लीत ढीग पडायचे, आणि त्या ढिगांवरून आमची पोरांची टोळी घसरत असायची. अंगाला खाज सुटायची. आईचा मार वेगळा.

वैशाखात आणखी एक काम व्हायचं. घरं उतरवली जायची.

हा शब्द मी धुडकू आबांकडून शिकलो. आबांचा जुन्या इमारती मालाचा तळ होता, आमच्या गावाच्या धुळे रस्त्याला, एका मोठ्या निंबाखाली. (गावाचं नाव सांगत नाही. जळगाव आणि धुळे यांच्या मधलं कुठलंही समजा. मला अजून पेन्शन घ्यायची आहे.) जागा पालिकेची, पण तिथे आबांच्या आधी आबांचे वडील बसायचे, त्यामुळे पालिका मोठी की तळ मोठा हे कोणी विचारत नसे. कोणाला घर काढून नवं बांधायचं असलं की आबांना निरोप जायचा. मी नोकरीत नवा होतो तेव्हा एकदा त्यांना म्हटलं, "आबा, ऐकलं, पाटलांचं घर पाडायला घेतलंय तुम्ही?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या देखत कोणाला शिवी दिली.

"लोके घर पाडतस, भाऊ. मी उतारस."

आणि खरंच ते उतरवायचे. आधी धाब्यावरची माती खाली. ती बैलगाडीत भरून शेतात, कारण घराची जुनी माती पिकाला खतासारखी लागते आणि ती मिळावी म्हणून शेतकरी आठ-आठ दिवस आधी सांगून ठेवायचे. मग मातीखाली अंथरलेल्या किलचनाच्या फळ्या, मग दांड्या, मग तुळया, मग खांब. बांधताना जे शेवटी गेलं ते आधी निघायचं. खिळा क्वचितच, सगळं खाचेत बसवलेलं, लाकडी खुंटीने अडकवलेलं. खुंटी ठोकून काढली की दोनशे वर्षांची मिठी सुटल्यासारखं लाकूड वेगळं व्हायचं. दोनशे हा आकडा माझा, आबा वर्षं मोजत नसत. प्रत्येक तुकड्यावर ते गेरूने खूण करायचे: फुली, बाण, दोन टिकल्या. ती खूण पाहून तेच घर दुसऱ्या गावात जसंच्या तसं उभं करता यायचं, आणि दोन-तीनदा त्यांनी केलंही. लिहिता-वाचता त्यांना येत नव्हतं. त्याची त्यांना कधी अडचण झाली नाही. अडचण पुढे झाली, आणि ती मी केली.

त्यांचा एक नियम होता. उंबरा विकायचा नाही. तुळई विका, चौकट विका, उंबरा घरमालकाला परत. नव्या घरात बसवा, नाहीतर देवघरापुढे टाका, पण न्या. सुरुवातीला लोक न्यायचे. नंतर नव्या घरांत फरशी आली, उंबरा पायात येतो म्हणायला लागले. मग ते उंबरे तळावरच निंबाच्या बुंध्याशी रचलेले असायचे. कोणी विकत मागितले तर आबा म्हणायचे, "ते मना नहीत, घरवालासना शेतस. त्यासले याद उनी का लई जातीन."

आमच्या घराची पाचही दारं आबांच्या तळावरची. पाच घरांतली पाच दारं, पाचही वेगळ्या उंचीची. स्वयंपाकघराचं दार इतकं बुटकं आहे की लग्नाला पंचवीस वर्षं होऊनही मी तिथे आठवड्यातून एकदा कपाळ आपटतो. दारं निवडली सुनंदाने. ती सावद्याची, आबांची थोरली बहीण तिच्याच गल्लीत दिलेली, त्यामुळे तळावर गेली की ती गिऱ्हाईक नसायची, माहेरवाशीण असायची. आबा तिला एकेका दाराशी नेऊन सांगायचे, "ताई, हाई भडगावनं शे. या दारमाईन सात सुना घरमा उन्यात, पन एक बी रडत नही उनी." हे खरं असेल असं मला वाटत नाही. तिने ते दार घेतलं.

आता ज्या मे महिन्याबद्दल मला बोलायचं आहे, त्याला काही वर्षं झाली.

त्या वर्षी आमच्या पालिकेच्या अंगात चक्राकार अर्थव्यवस्था आली. वरून योजना आली होती: शहराचा आराखडा असा करायचा की काही वाया जाऊ नये. पुण्याहून सल्लागार आले. सुती कुर्त्यातला, मऊ बोलणारा, अत्यंत सज्जन माणूस. सभागृहात त्याने पडद्यावर आधी एक सरळ रेघ दाखवली. आपण वस्तू घेतो, वापरतो, फेकतो. मग त्याने ती रेघ वाकवून गोल केली. फेकायचं नाही, परत आणायचं. मग तो इमारतींकडे वळला. म्हणाला, यापुढे घरं अशी बांधली पाहिजेत की ती मोडावी लागू नयेत, सुटी करता यावीत. प्रत्येक तुळईची, प्रत्येक दाराची नोंद हवी, ते कुठून आलं आणि पुढे कुठे जाऊ शकतं याची. एका प्रकारचा पासपोर्टच म्हणा. आणि शहराच्या नकाशातच अशी जागा राखून ठेवली पाहिजे, जिथे जुन्या इमारतींचा माल येईल, पारखला जाईल आणि नव्या घरात जाईल.

मी शेवटच्या रांगेत बसून कचोरी खात होतो. त्याचं प्रत्येक वाक्य खरं होतं. मला राग यायचाच तर त्याचाच येतो. खोटं बोलला असता तर मी आज इतका वाईट माणूस ठरलो नसतो.

मग त्याने विचारलं, "तुमच्याकडे असा व्यवहार सध्या कुठे चालतो का? जुनी परंपरा वगैरे?"

मुख्याधिकारी साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, कारण नकाशा माझ्याकडे. मी नगररचना विभागातला आरेखक. माझ्या तोंडात कचोरी होती. ती गिळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात माणसाला खूप काही आठवतं.

मला आठवलं ते असं. त्याच्या तीन आठवडे आधी पुण्याच्या या सल्लागार मंडळींनी गावाचा छापील नकाशा पाठवला होता. प्रत्येक जागेवर प्रत्यक्ष जायचं आणि तिथे सध्या काय आहे ते रंगीत पेन्सिलीने भरायचं. राहत्या घरांना पिवळा, दुकानांना निळा, कारखान्यांना जांभळा, शाळा-दवाखान्यांना लाल. खाली रंगांची यादी. दुपारचं ऊन असं होतं की पेन्सिलीचं मेण मऊ व्हावं. धुळे रस्त्याचा भाग भरायला मी निघालो आणि तीन घरांनंतर थेट आबांच्या तळावर, निंबाखालच्या खाटेवर जाऊन बसलो. त्यांच्या माठातलं पाणी दोन तांबे प्यालो. आणि तिथेच मांडीवर नकाशा घेऊन आख्खा रस्ता बसल्या बसल्या रंगवला. मला काय, सगळी दुकानं तोंडपाठ.

आबा एका चौकटीवरचा रंग खरवडत होते. उठून मागे येऊन उभे राहिले.

"काय करी राह्यनात, भाऊ?"

"गावाला रंग देतोय."

"आन आम्हले कोनता रंग?"

मी यादी पाहिली. जुनी घरं उतरवून नव्या घरांना देणाऱ्या माणसासाठी यादीत रंग नव्हता. दुकान लिहावं तर परवाना नव्हता. कारखाना लिहावा तर हसले असते. 'इतर' असा रकाना होता, पण त्यापुढे खुलासा लिहायचा होता, वेगळ्या कागदावर, तीन प्रतींत. मोकळ्या जागेला मात्र काहीच करायचं नव्हतं. कागद कोरा सोडायचा.

"आबा, तुम्हाला रंग नाही," मी म्हणालो.

"मंग बेस शे," आबा म्हणाले, "रंगवा नही ते धुवानी बी चिंता नही." आम्ही दोघं हसलो. ज्या खाटेवर बसून मी हसत होतो, ती खाट नकाशात नव्हती, आबा नव्हते, निंब नव्हता. खाली मी सही केली: प्रत्यक्ष पाहणीनुसार.

हे सगळं कचोरीबरोबर गिळून मी सभागृहात म्हणालो, "नाही साहेब. तसं काही नाही."

हो म्हटलं असतं तर नकाशा चुकलाय हे कबूल करावं लागलं असतं. पाहणी खाटेवरून केली हेही. कोणी फासावर देणार नव्हतं. साहेब चार माणसांत बोलले असते, मी मान खाली घातली असती, दुरुस्ती झाली असती. एवढ्याशा अपमानासाठी मी काय केलं हे मोजायला बसलो तर माप सापडत नाही. सज्जन माणसाने वहीत काहीतरी लिहून घेतलं. महिन्याभरात जागा निवडली गेली: पालिकेच्या मालकीची, रस्त्यालगत, मोकळी. तिथे पुनर्वापर उद्यान होणार. जुन्या मालाचं केंद्र, नागरिकांना बसायला बाक, मधे कारंजं.

त्या वर्षापासून मला एक खोड लागली आहे. गावात कुठेही स्लॅबचं घर पाडताना दिसलं की थांबतो. मशीनचा दात आत जातो, भिंत एकदम मुकाट्याने बसते. निघतं काय? गुंतलेल्या सळया आणि भुगा. भुगा ट्रॉलीत भरतात आणि नाल्याकाठी ओततात. नाला दर वर्षी थोडा अरुंद होतो, आणि दर पावसाळ्यात पाणी थोडं जास्त आत येतं, आणि दर पावसाळ्यानंतर आम्ही पंचनामा करतो. आबा म्हणायचे, "स्लॅब उतरत नही, भाऊ. तो फुटस." आमच्या आजोबांच्या पिढीला चक्राकार हा शब्द माहीत नव्हता म्हणून त्यांना ते जमत होतं, असं म्हणण्याचा मोह होतो, पण ते खरं नाही. त्यांच्याकडे सागवान महाग होतं, माती जवळ होती आणि वेळ होता. आमच्याकडे शब्द आहे.

नोटीस लागल्यावर आबा संध्याकाळी घरी आले. नोटिशीचा कागद टोपीत घडी करून ठेवलेला.

"भाऊ, यामा काय शे?"

मी वाचून दाखवला. हरकती मागवल्या होत्या.

"बठ्ठं चांगलं शे," आबा म्हणाले. "जुना माल ठेवतीन, लोकेसले देतीन. पन ते तर मी करीच राह्यनू ना? मंग मले काबरं उठाडतस?"

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आबा, हरकत घ्या. हे लिहून देतील. अहो, लिहा ना."

आणि मी लिहिला. जन्मात इतका चांगला अर्ज मी लिहिला नव्हता. आबा सांगत होते, मी मराठी करत होतो. वडिलांपासूनचा तळ, किती गावांतली घरं उतरवली, गेरूच्या खुणा, उंबऱ्यांचा नियम, सगळं. आराखड्याला जे हवं आहे ते या जागेवर आधीच चालू आहे, त्यामुळे अर्जदारास हटवू नये, उलट केंद्राचं काम त्यांच्याकडे द्यावं. सुनंदाने मधेच दोनदा चहा केला. शेवटी वाचून दाखवला तेव्हा आबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "इतलं मी करेल शे का?" मग त्यांनी अंगठा उठवला. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला वाटलं, झालं, फिटलं.

आठ दिवसांनी तो अर्ज ऑफिसात माझ्याच टेबलावर आला. साहेब म्हणाले, "नकाशा तुमचा आहे, अभिप्राय तुम्हीच द्या. समासात लिहा, टायपिंगला वेळ नाही."

"साहेब, तिथे खरंच तळ आहे."

साहेबांनी चष्मा काढला. ते वाईट नव्हते, घाईत होते. "मग नकाशात का नाही? तुमचीच सही आहे ना? नकाशा चूक असेल तर आराखडाच चूक, निधी परत. तसं लिहून देता का?"

मी टेबलाशी येऊन बसलो. वर पंखा गरम हवा ढवळत होता. लिहून देता येत होतं. पेन हातात होतं. मी समासात लिहिलं: "विद्यमान भूवापर नकाशानुसार सदर जागा मोकळी असल्याने हरकत मान्य करता येत नाही."

एक ओळ. अर्ज अडीच पानं होता.

त्याची झेरॉक्स आबांना मिळाली. ती घेऊन ते माझ्याकडे नाही, सुनंदाकडे आले. मी ऑफिसातून आलो तेव्हा ओसरीत त्यांच्या चपला दिसल्या, आणि मी माझ्या चपला काढता काढता तिथेच थांबलो. खरं तर लपलो. आत सुनंदा वाचत होती. पहिलं पान, दुसरं पान. मग आवाज थांबला.

"काय लिखेल शे, ताई? त्या बाजूले?"

"तुमची जागा मोकळी आहे, म्हणतात."

"मोकळी?" आबा हसल्यासारखं काहीतरी बोलले. "मंग मी इतला वरीस कोठे बशी राह्यनू?" मग त्यांनी विचारलं, "आन हाई कोनी लिखेल शे? कोनं अक्षर शे हाई?"

माझ्या बायकोला माझं अक्षर ओळखू येत नाही असं कोण म्हणेल? किराण्याच्या यादीपासून पोरीच्या शाळेच्या अर्जापर्यंत घरातलं सगळं मीच लिहितो. ओळीच्या शेवटी मी एक शेपूट काढतो, त्यावरून ती मला वर्षानुवर्षं हसत आलेली.

"साहेबांचं आहे, आबा," ती म्हणाली. "साहेबांचं अक्षर."

"व्हई," आबा म्हणाले. "सायबनंच व्हई."

मी मागच्या मागे रस्त्यावर गेलो आणि कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो, आबा दिसेनासे होईपर्यंत. घरी आल्यावर सुनंदाने पाणी दिलं. जेवायला वाढलं. भाजीत मीठ बरोबर होतं. ती रागावली की मीठ चुकतं, हे मला माहीत आहे. म्हणजे ती रागावलेली नव्हती, त्याच्या पलीकडे कुठेतरी गेली होती.

आबांनी शेवटी एकच मागणं केलं. आठ दिवस द्या, तळ मी उतारस. लाकूड लाकडावरून काढून, खुणा करून, कोणाच्या तरी शेतात नेऊन रचतो. साहेब हो म्हणाले. पण मशीन दुसऱ्या गावाहून भाड्याने मागवलं होतं आणि ते तिसऱ्याच दिवशी आलं. पावसाआधी जागा साफ हवी होती. आम्ही चौघं ऑफिसचे लोक बाजूला उभे होतो. मशीनने चौकटींची रांग एका दमात आडवी केली. लाकूड मोडताना वेगळाच आवाज होतो, सागवान तर किंचाळतंच. आबा ओरडले नाहीत. ते निंबाच्या बुंध्याशी जाऊन उंबरे एकेक करून उचलून रस्त्यापलीकडे नेत होते. एकटे. एक उंबरा दोन माणसांचं ओझं असतं. चार नेले, मग ते रस्त्याच्या कडेला बसले. मला धावत जाऊन दुसरं टोक धरता आलं असतं. साहेब शेजारी उभे होते. मी धरलं नाही.

मोडलेलं सगळं वीटभट्टीला गेलं. अहवालात ते "जुन्या लाकडाचा पुनर्वापर" म्हणून आलं, आणि तेही कोणी खोटं लिहिलं नाही. वीट भाजली गेलीच.

उद्यान झालं. तिथे बसायला जे बाक आहेत ते सिमेंटचे आहेत, ओंडक्याच्या आकाराचे. वरून तपकिरी रंग, सालीच्या रेघा, कापलेल्या टोकावर वर्तुळंसुद्धा काढलीत. मुलं त्यांना खरे ओंडके समजतात. जुन्या मालाच्या केंद्राला कुलूप आहे, कारण केंद्र चालवायला जाणकार माणूस मिळत नाही. जाणकार पाहिजे अशी दोनदा जाहिरात दिली. जाहिरातीचा मसुदा मी केला होता.

आबा चाळीसगावला मुलीकडे गेले. दर मे महिन्यात मी ठरवायचो, जाऊन यायचं, सांगून टाकायचं. आणि दर मे महिन्यात ऊन फार असायचं. यंदा त्या धोतराच्या प्रकरणानंतर काय झालं कोण जाणे, पुढच्याच रविवारी मी सकाळच्या एस.टी.त बसलो.

मुलीच्या घराच्या ओट्यावर आबा बसले होते. खूप वाळलेत. पुढे दगड, हातात छोटी हातोडी. डब्यातून एकेक वाकडा खिळा काढून ठोकून सरळ करत होते. सरळ झालेल्या खिळ्यांचा दुसरा डबा. मला पाहून त्यांनी सरकून जागा केली, मुलीला पाण्यासाठी हाक मारली.

"आबा, एक सांगायचं होतं."

"सांगा ना. इतला ऊनमा उनात, ते काय पानी पेवाले थोडंच."

"तुमच्या अर्जावर कडेला शेरा होता बघा. जागा मोकळी आहे म्हणून. तो साहेबांनी नव्हता लिहिला."

हातोडी चालूच होती. "तुम्हीच लिखेल व्हता," आबा म्हणाले.

मला वाटलं होतं मी बाँब टाकणार. माझ्याच हातात राहिला तो. "सुनंदाने सांगितलं?"

"ती काबरं सांगी?" आबांनी खिळा उन्हाकडे धरून एक डोळा मिटून पाहिला. "मले वाचता येत नही, भाऊ, पन हात वळखता येस. बठ्ठी जिंदगी दुसरासनं काम दखामा गई. कोनता सुतारनी करवत कशी चालस, ते चौकटले हात लावा का समजस. त्या कागदवर मधलं नि कडनं, एकच हात व्हता. तुम्हनी ती शेपटी. दोन्हीकडे."

"मग तिला विचारलंत कशाला, कोणाचं अक्षर म्हणून?"

"चूकनू. इचारी टाकं, मंग तिना तोंडकडे दखं. ती म्हने सायबनं शे. मी म्हनं, व्हई. पोरीले काबरं उघडं पाडो?"

मुलगी पाणी घेऊन आली. मी प्यालो.

"आबा, राग नाही आला?"

त्यांनी पुढचा खिळा दगडावर ठेवला. "अर्ज बी तुम्हीच लिखा व्हता ना," ते म्हणाले. "चांगला लिखा व्हता. मना मनमधलं बठ्ठं व्हतं त्यामा." आणि हातोडी उचलली. त्यांनी मला माफ केलं की नाही, हे त्या वाक्यात मी परतीच्या सगळ्या वाटेवर शोधत होतो. नाही सापडलं. बहुतेक तो माझा प्रश्न होता, त्यांचा नव्हताच.

घरी पोचलो तेव्हा नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडे ते आठवड्यातून एकदा येतं, त्यामुळे त्या वेळी घरात कोणी कोणाशी बोलत नाही. सुनंदा अंगणात नळी धरून पिंप भरत होती. मी तिच्या मागे उभं राहून सगळं सांगितलं. मी आत न येता ओसरीत उभा होतो तेही. आबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं तेही. ती ऐकत होती की नाही कळेना. पिंप भरलं, वरून वाहायला लागलं, तिच्या पायावरून पाणी फाटकाकडे चाललं, तरी तिने नळी हलवली नाही.

मग, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "म्हणजे आबांसमोर खोटी पडले ती मी."